आवाज कुणाचा?

चाळिशी उलटली की काही पुरुष मॅरेथॉन पळायला लागतात, काही इगतपुरीला विपश्यनेला जाऊन येतात आणि उरलेले बँड काढतात. पहिल्या दोन प्रकारांत त्रास फक्त घरच्यांना होतो. बँडचा त्रास मात्र अख्ख्या इमारतीत वाटला जातो आणि त्यातून थकबाकीदारही सुटत नाहीत.

आमचा बँड कोथरूडमधला. रविवारी सकाळी आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो. हॉल म्हणजे एक टेबल टेनिसचं टेबल, गेल्या गणपतीचं मखर, कुणीच मालकी न सांगितलेली एक सायकल आणि उरलेल्या जागेत आम्ही. ड्रम वाजवतो तो दंतवैद्य आहे. समोरचा माणूस कळवळतोय हे दिसत असूनही हातातलं काम थांबवायचं नाही, ही सवय त्याला व्यवसायातून लागली आहे. गायक बँकेत आहे. कीबोर्डवाला शाळेत गणित शिकवतो. गाणं चुकलं की ते कितव्या मात्रेला चुकलं हे तो सांगतो, आणि कुणी विचारलं नाही तरी कुणामुळे चुकलं हेही सांगतो. मी बेस गिटार वाजवतो. बेस म्हणजे नेमकं काय, हे मला नातेवाइकांना आजतागायत समजावता आलेलं नाही. "गिटारच ना ती?" "हो." "मग ऐकू का येत नाही?" इथे संभाषण संपतं.

आणि मग लीड गिटार. आमचा लीड आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. आठवडाभर ऑफिसात तो सगळ्यांचं ऐकून घेतो. रविवारी तो कुणाचंच ऐकत नाही. आणि ऐकायचं म्हटलं तरी त्याच्या शंभर वॅटच्या अँपपुढे ती सोय नसते.

हा अँप, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, त्याने कॉलेजात असताना सेकंडहँड घेतला होता. दोन बारा इंची स्पीकर, दोन माणसांनी मिळून उचलायचं वजन आणि मागे कुठल्या तरी जुन्या बँडचा अर्धवट सोललेला स्टिकर. एरवी घरी त्याच्यावर चादर टाकून वहिनींनी मनी प्लँट ठेवलेला असतो. रविवारी मनी प्लँट जमिनीवर उतरतो आणि अँप लिफ्टने हॉलमध्ये येतो.

त्याच्या व्हॉल्यूमच्या नॉबवर शून्य ते दहा आकडे आहेत. आमचं सगळं सांगीतिक आयुष्य त्यातल्या शून्य आणि एकच्या मधल्या फटीत गेलं. शून्यावर अँप गप्प. करंगळीच्या नखाने नॉब किंचित ढकलला की आवाज येतो, पण येतो तोच गायकाला गिळून. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, नॉबवरच्या पांढऱ्या रेघेच्या निम्म्या जाडीइतक्या जागेत, बँडला झेपेल असा आवाज राहतो. तो शोधायला लीड गुडघे टेकून बसतो, श्वास रोखतो आणि नखाने नॉबला गोंजारत राहतो. दंतवैद्य ड्रमच्या मागून सांगतो, "दुखलं तर हात वर कर."

शेवटी सेक्रेटरींची नोटीस आली. आमचे सेक्रेटरी सरकारी खात्यातून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे नोटिशीत राग कुठेच नव्हता, फक्त संदर्भ होते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा, सबब संबंधितांनी नोंद घ्यावी. संबंधित म्हणजे आम्ही पाच जण. आम्ही भेटायला गेलो.

"काका," लीड म्हणाला, "पंचावन्न म्हणजे किती कमी असतं, कल्पना आहे का? दोन माणसं समोरासमोर साधं बोलली तरी साठच्या आसपास जातं."

"मग बोलत बसा. वाजवू नका."

"पण बोललो तरी नियम मोडतोच ना!"

"तुम्ही मंडळी बोलता तेव्हा तक्रार येत नाही," काका म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला. ती मर्यादा परिसरातल्या आवाजाची असते, हॉलच्या आत मोजायची नसते, हा मुद्दा गणितवाल्याने काढला. त्यावर काकांनी आपण ज्या परिसरात राहतो तो हॉलच्या बरोबर वर आहे, एवढंच सांगितलं. चहा मात्र चांगला होता.

नवा अँप घ्यायचा ठरला. लहान, हळू आवाजातही चांगला वाजणारा आणि सगळं करणारा. सगळं म्हणजे खरोखर सगळं, कारण आमच्या यादीत आर. डी. बर्मन आहे, दोन गझला आहेत, हौसेचं एक कोळीगीत आहे आणि प्रत्येक भारतीय बँडला घटनेने बंधनकारक असलेलं ते एक लांबलचक इंग्रजी गाणं आहे. गझलेला स्वच्छ आणि थोडा घुमणारा सूर हवा, इंग्रजी गाण्याच्या शेवटी करकरीत डिस्टॉर्शन हवं. या अपेक्षा कागदावर उतरवल्या तेव्हा ते हुबेहूब वधूवर सूचक मंडळाचं पत्रक झालं: लहान चणीचा, मृदुभाषी, सर्वांशी जुळवून घेणारा, प्रसंगी कणखर, अपेक्षा माफक. ज्याचं लग्न होतं त्याचं मत मात्र वेगळं होतं. "शंभर वॅटची सवय झालेल्या माणसाला वीस वॅट म्हणजे अपमान आहे," लीड म्हणाला.

इथे वॅट या गोष्टीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण गिटारवाल्यांमध्ये जितके गैरसमज ट्यूनिंगबद्दल नाहीत तितके वॅटबद्दल आहेत. शंभर वॅट म्हणजे दहा वॅटच्या दसपट आवाज, असं सरसकट धरलं जातं. कान असा हिशोब करत नाहीत. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो जेमतेम तीन डेसिबल, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतका. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला वॅट दसपट लागतात. थोडक्यात, शंभर वॅटचा अँप दहा वॅटच्या अँपपेक्षा फक्त दुप्पट मोठा वाजतो. बाकीचे वॅट प्रतिष्ठेत आणि पाठदुखीत जातात.

त्यात गिटारचे स्पीकर भलतेच कार्यक्षम असतात. चांगल्या बारा इंची स्पीकरला एकच वॅट दिला तरी एक मीटरवर ९७ ते १०० डेसिबल आवाज मिळतो. म्हणजे एका वॅटमध्ये सेक्रेटरींची दिवसाची मर्यादा अधिक रात्रीची मर्यादा, एवढं सगळं बसतं. डेसिबलची अशी बेरीज होत नाही, असं गणितवाला कळवळून म्हणाला. पण काकांच्या वहीत ती होते आणि वही त्यांच्याकडे असते.

मग शंभर वॅटचे अँप जन्माला आले कशासाठी? त्याला जबाबदार लंडनमधली साठच्या दशकातली तरुण मंडळी. त्या काळी कार्यक्रमातली साउंड सिस्टिम बहुतेक गायकापुरती असायची. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा तर तो अँपनेच न्यायचा. व्हॉक्स कंपनीचा एसी फिफ्टीन हा पंधरा वॅटचा सुरेख अँप होता, पण किंचाळणाऱ्या चाहत्यांपुढे 'द शॅडोज'सारख्या बँडना तो पुरेना, म्हणून तीस वॅटचा एसी थर्टी आला. पुढे बीटल्ससमोरच्या किंकाळ्यांना तीसही पुरेनात. श्रोते मोठे झाले म्हणून अँप मोठे झाले. ऐकणारे ऐकत असते तर पंधरा वॅटमध्ये भागलं असतं.

दुसरी गोष्ट जिम मार्शल यांची. हा गृहस्थ मुळात ड्रमर. ड्रम शिकवायचा आणि पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला त्याचं ड्रमचं दुकान होतं. दुकानात येणाऱ्या गिटारवाल्यांनी भरीला घातलं म्हणून १९६२ मध्ये त्याने अँप करायला घेतले. सगळ्या जगातल्या गिटारवाल्यांना बहिरेपणाच्या उंबरठ्यावर नेणारं नाव एका ड्रमरचं आहे, हे कळल्यापासून आमचा दंतवैद्य ताठ मानेने बसतो. 'द हू' या बँडमध्ये कीथ मून इतक्या जोरात ड्रम बडवायचा की बेसवाला जॉन एंटविसल मोठे स्पीकर घेऊन आला. ते पाहून गिटारवाला पीट टाउनशेंड आणखी मोठे मागायला लागला. सगळ्या प्रकरणात आधी हरकत घेणारा बेसवाला होता, ही नोंद मी इथे करून ठेवतो. मार्शलने १९६५ च्या सुमाराला शंभर वॅटचे अँप केले आणि टाउनशेंडच्या हट्टापायी एकाच पेटीत आठ स्पीकर बसवले. सामान वाहणाऱ्या पोरांच्या पाठी मोडायला आल्या, तेव्हा पेटीचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवले. रॉकच्या प्रत्येक पोस्टरवर दिसणारा तो उंच मनोरा हमालांच्या तक्रारीतून उभा राहिलेला आहे.

आता मोठ्या कार्यक्रमात लहानशा अँपसमोर माइक ठेवतात आणि पुढचं काम साउंड सिस्टिम करते. शंभर वॅटचं कारण संपलं, रुबाब उरला. आपल्याकडे तर कारण कायद्यानेच संपवलं. लीड कॉलेजात असताना मुंबईला धोबी तलावच्या रंगभवनात रॉकचे कार्यक्रम ऐकायला जायचा. १९८६ मध्ये सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' तिथे वर्षानुवर्षं गाजला. जवळच १८६५ पासूनचं फुर्टाडोजचं वाद्यांचं दुकान. म्हणजे गिटार घ्या आणि चालत जाऊन ती कशी वाजवतात ते पाहा. पण रंगभवनाच्या शेजारी झेवियर कॉलेज आणि हाकेच्या अंतरावर हॉस्पिटलं. शांतता क्षेत्राचा शंभर मीटरचा नियम आला आणि रंगभवनातला रॉक थांबला. लीड हे सांगताना नेहमी हळवा होतो. आम्ही त्याला होऊ देतो, कारण तेवढा वेळ तो वाजवत नाही.

सुरुवातीला त्याने भाच्याचा अँप आणून पाहिला. टेबलावर ठेवायचा, दोन छोट्या स्पीकरांचा, दिसायला जुन्या रेडिओच्या वळणाचा. घरी त्यातून असा गोड, भरदार सूर यायचा की वहिनींनीही एकदा दाराशी उभं राहून ऐकलं म्हणे. हॉलमध्ये दंतवैद्याने ड्रमवर पहिला ठोका दिला आणि अँप नाहीसा झाला. जागेवर होता, दिवा लागलेला होता, लीडची बोटं हलत होती, चेहऱ्यावर भावही होते. फक्त गिटार नव्हती.

यात त्या अँपची काही चूक नाही, ती आपल्या कानांची आहे. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे आलेख काढून दाखवलं आहे: आवाज कमी असला की कानाला खर्ज आणि तार हे दोन्ही टोकांचे सूर जास्तच कमी ऐकू येतात. म्हणून घरी एकटा वाजवणारा माणूस बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो आणि मधले सूर, ज्याला नॉबवर 'मिड' लिहिलेलं असतं, ते उतरवतो. एकट्याला ते भरजरी वाटतं. बँडमध्ये मात्र खर्जाची जागा माझी असते आणि वरची जागा झांजांची. गिटारची जागा नेमकी मधली, आणि ती या बाबाने स्वतःच्या हाताने रिकामी केलेली असते. बँडमध्ये ऐकू यायचं असेल तर व्हॉल्यूमच्या आधी मिड वाढवायचा. हा सल्ला फुकट आहे, म्हणूनच कुणी घेत नाही.

यानंतर वाद्यांच्या दुकानात जाणं आलं. प्रत्येक गिटारवाल्याकडे दुकानात वाजवायचे म्हणून सात-आठ सूर राखून ठेवलेले असतात. ते तो दुसरीकडे कुठे वाजवत नाही आणि दुकानात दुसरं काही वाजवत नाही. लीडने ते प्रत्येक अँपवर वाजवले. दुकानातला मुलगा हात मागे बांधून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर ती शांती होती जी इगतपुरीला दहा दिवस राहूनही सगळ्यांना मिळत नाही.

"सर, यात साठ इफेक्ट आहेत."

"हळू आवाजात कसा वाजतो?" लीडने ओरडून विचारलं. ओरडून, कारण हळू वाजवायचा अँप तो पूर्ण आवाजात तपासत होता.

"सर, थोडा कमी करून बघा ना."

"कमी केल्यावर कळणार कसं?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी वजनं बघत होतो. बँडमध्ये एकट्या माझ्याकडेच मोठी गाडी आहे, त्यामुळे कोणताही अँप किती वॅटचा यापेक्षा किती किलोचा, यात मला रस.

पहिल्यांदा लीडचं मन ट्यूबच्या अँपवर गेलं. ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या. त्या तापून, दमून, सीमेपर्यंत ताणल्या गेल्या की त्यातून जो खरखरीत गोडवा येतो, त्यावर निम्मं रॉक संगीत उभं आहे. अडचण एवढीच की त्या दमेपर्यंत शेजारी आधी दमतात. फेंडरचा डीलक्स रिव्हर्ब हा १९६३ पासूनचा, या जातीतला लोभस अँप. फक्त २२ वॅट. पण त्या २२ वॅटमध्ये तो गोड व्हायला लागतो तेव्हा ड्रमरलाही गप्प करतो, आणि वजन एकोणीस किलोच्या आसपास. त्याच नावाचा, त्याच रूपाचा, आत ट्यूबऐवजी कॉम्प्युटरची चिप असलेला 'टोन मास्टर' २०१९ मध्ये आला. तो साधारण साडेदहा किलोचा, आणि मागच्या खटक्याने त्याचे वॅट हवे तितके उतरवता येतात. "पण त्यात आत्मा नाही," लीड म्हणाला. मी म्हटलं, साडेआठ किलोचा आत्मा गाडीत कोण चढवणार?

किंमत पाहून त्याने न्यू जर्सीच्या मेव्हण्याला फोन लावला. मेव्हणा दिवाळीत येणारच होता. पण अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तिकडचा अँप थेट आपल्या प्लगमध्ये घातला तर आयुष्यातला सगळ्यात छोटा कार्यक्रम होतो. मध्ये ट्रान्सफॉर्मर लावायचा, तर तो पुन्हा एक जडशीळ डबा, पुन्हा माझी गाडी. मेव्हण्याला नेहमीप्रमाणे बदाम आणि चॉकलेटं आणायला सांगितलं.

जॅम रूममध्ये हमखास दिसतो तो रोलंडचा जॅझ कोरस, १९७५ पासूनचा. स्वच्छ सुराला तोड नाही, वजन २८ किलो. मी नुसतं नाही म्हणून मान हलवली आणि आम्ही पुढे सरकलो.

मग त्या मुलाने कोपऱ्यातला एक अँप ओढून पुढे आणला. एका हाताने ओढला, हे मी लगेच टिपलं. या जातीची लाट आणली बॉस कंपनीच्या कटानाने, २०१६ मध्ये. आता बऱ्याच कंपन्या ती काढतात: बारा इंची एकच स्पीकर, आत स्वच्छ, करकरीत, कर्कश असे चार-पाच स्वभाव, आणि कटानाच्या पन्नास वॅटच्या मॉडेलवर असते तशी वॅट उतरवायची कळ: ५०, २५ आणि अर्धा. अर्धा वॅट! लीडने ती कळ पाहिली आणि चेहरा असा केला की कुणी त्याला बालनाट्यात काम करायला सांगितलंय. पण अर्ध्या वॅटवर नॉब अर्ध्यापर्यंत फिरवता येतो, हे त्याच्या हाताला कळलं. शून्य आणि एकच्या फटीत आयुष्य काढलेल्या बोटांना अचानक मोकळं मैदान मिळालं. त्याने नॉब तीनवर नेला, चारवर नेला, पाचवर नेला. काचेपलीकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. त्याचे डोळे भरून आले की दुकानातला एसी लागला, हे सांगता येणार नाही.

असा अँप घेणाऱ्याने काय पाहावं, ते त्या मुलाकडून शिकलो ते सांगतो. स्पीकर शक्यतो बारा इंची, निदान दहा. लहान पेटीतला इवला स्पीकर हळू आवाजात किरटा लागतो आणि मोठ्या आवाजात चिरकतो. वॅट कितीही असोत, ते उतरवायची सोय हवी. मिडचा स्वतंत्र नॉब हवा. मागे लाइन आउट हवं, म्हणजे गणेशोत्सवात सोसायटीच्या साउंड सिस्टिमला थेट जोडता येतं. साठ इफेक्टांना भुलू नये. त्यातले चार वापरले जातात आणि उरलेले छप्पन्न रिहर्सलच्या वेळी चाचपले जातात. आणि दुकानात तपासताना शेजारी एक माणूस बोलत ठेवावा. त्याला आवाज चढवावा लागला तर अँप चढा आहे.

आम्ही त्या जातीतला एक घेतला. रविवारी हॉलमध्ये लावला, आणि दोन गाण्यांनंतर लीड नेहमीचं वाक्य बोलला, "मला माझंच ऐकू येत नाहीये." हात नॉबकडे गेलासुद्धा.

गणितवाल्याने त्याला थांबवलं. अँप जमिनीवर होता आणि लीड त्याच्यापासून दोन फुटांवर उभा. स्पीकरमधून धारदार सूर सरळ रेषेत निघतात. ते त्याच्या पोटऱ्यांवरून, गुडघ्यांवरून पुढे जाऊन समोरच्या गायकाच्या कानात घुसत होते. जगभरचे गिटारवाले पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गुडघ्यांसाठी वाजवत आले आहेत. गुडघ्यांना कान नसतात. चाळिशीनंतर ते बोलायला लागतात, पण ऐकत नाहीत. सोसायटीची एक प्लास्टिकची खुर्ची आणली, तिच्यावर अँप थोडा मागे कलता ठेवला, तोंड लीडच्या चेहऱ्याकडे. त्याने एक तार छेडली, दचकला आणि स्वतःच्या हाताने आवाज कमी केला. आमच्या बँडच्या इतिहासात अशी घटना नव्हती. गायकाने मोबाइलवर वेळ टिपून ठेवली.

राहिला ड्रमर. ड्रमला नॉब नसतो, हे सगळ्या दुःखाचं मूळ. सगळा बँड ड्रमरच्या मागे आवाज चढवत जातो आणि ड्रमर म्हणतो, तुम्ही चढवलात म्हणून मी जोरात मारतो. दंतवैद्यासमोर दोन पर्याय ठेवले. एक, काहोन: पेरूमध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांनी लाकडी खोक्यावर ठेके धरले त्यातून झालेलं वाद्य, सत्तरच्या दशकात पाको द लुसियाने ते स्पेनच्या फ्लामेंकोत आणलं. ज्यावर बसायचं तेच वाजवायचं, म्हणजे माझ्या गाडीत एक स्टूल कमी. दुसरा, नेहमीच्या काठ्यांऐवजी पातळ काड्यांची जुडी, जिला रॉड्स म्हणतात. ठेका तोच, तडाखा निम्मा. त्याने रॉड्स घेतल्या. "भूल देऊन काम करतोय असं वाटतं," म्हणाला, पण केलं.

आणि मग हॉलमध्ये शांतता झाली. म्हणजे आम्ही वाजवत होतो, पण वाजवताना ऐकू यायला लागलं. आधी एक बारीक घुंऽऽ ऐकू आली. ती पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरची. गिटारच्या पिकअपमध्ये आपली पन्नास हर्ट्झची वीज गाते ती. पन्नास हर्ट्झ म्हणजे जवळजवळ जी, माझ्या सगळ्यात जाड तारेवरच्या तिसऱ्या पट्टीचा सूर. हॉल किती तरी दिवस माझ्याबरोबर फुकट बेस वाजवत होता आणि कुणाला पत्ता नव्हता. मग कळलं की मी एक विशिष्ट सूर वाजवला की ड्रमच्या स्नेअरखालच्या तारा आपोआप थरथरतात. प्लास्टिकची खुर्चीही एका सुराला गुणगुणते. गणितवाला मात्रा तोंडाने मोजतो, तेही मराठीतून. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, बेस ऐकू आला. "अरे, हा बेस आहे होय?" गायक म्हणाला. क्षणभर थांबून म्हणाला, "जरा कमी कर."

माझा नंबर लागल्यावर त्याचा लागणं ओघानेच आलं. पुढचं गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्यात आम्ही चौघेही एकमेकांकडे बघायला लागलो. गायक दुसऱ्या कडव्याला पहिलंच कडवं गात होता. मध्ये एक ओळ तर नुसती 'ला ला' होती, पण भाव अत्यंत उत्कट. आजवर हे सगळं शंभर वॅटच्या आडोशाला सुखरूप चाललं होतं. गणितवाल्याने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले.

"दुसरं कडवं पाठ नाही का रे?"

"आहे की. तुम्हाला आत्ता नीट ऐकू आलं नाही," गायक म्हणाला. मग लीडकडे वळून, बँकेत मोठ्या ठेवीदाराशी बोलतात त्या आवाजात म्हणाला, "गिटार जरा वाढव ना. एवढी बारीक बरी नाही वाटत."

लीडला त्याच्या आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. ना घरात, ना कॉलेजात, ना हॉलमध्ये. पण दरम्यान त्याने मोबाइलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप टाकलं होतं, आणि नव्याने माळ घातलेला माणूस जसा शेजाऱ्याच्या ताटात डोकावतो तसा तो आता सगळ्यांच्या आवाजात डोकावायला लागला होता. त्याने मोबाइल गायकासमोर धरला. "हे बघ, तू गातोस तेव्हा अठ्ठ्याहत्तर जातं. माझं त्यात काही नाही. तूच थोडा खाली ये. आणि कडवं पाठ कर, म्हणजे एवढं ओरडावं लागणार नाही."

तेवढ्यात दारात सेक्रेटरी उभे. आम्ही आपोआप थांबलो. काकांनी हॉलभर नजर फिरवली, खुर्चीवरचा अँप पाहिला, दंतवैद्याच्या हातातल्या काड्या पाहिल्या.

"नियमाची काही अडचण नाही," ते म्हणाले. "पण आता शब्द वरपर्यंत नीट ऐकू येतात. हिने विचारलंय, दुसरं कडवं कधी गाणार?"